पीएच.डी.ची पहिली दोन वर्षे: नेमके काय बदलते?

एम.ए. किंवा एम.एस्सी.ला उत्तम गुण मिळवलेला आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पीएच.डी.ला प्रवेश घेतो, आणि वर्ष-दीड वर्षात त्याला आपली हुशारी कमी पडत असल्याची शंका येऊ लागते. बहुतेक वेळा ही शंका चुकीची असते. हुशारी तेवढीच असते, पण तिचे मोजमाप करण्याची पद्धत पूर्णपणे बदललेली असते, आणि हा बदल त्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो. पदव्युत्तर पदवीपर्यंत अभ्यासक्रम दुसऱ्याने आखलेला असतो, प्रश्न दुसऱ्याने काढलेले असतात आणि दर सहा महिन्यांनी निकाल लागून आपण कुठे आहोत हे आकड्यांत कळते. पीएच.डी.त प्रश्न स्वतः शोधावा लागतो, तो सोडवण्याजोगा आहे की नाही हे स्वतः ठरवावे लागते, आणि काम पुरे झाले आहे हे इतरांना पटवून द्यावे लागते. हे सारे ज्या चौकटीत घडते ती चौकट मात्र पक्की आहे, आणि तिची नीट ओळख करून घेतली तर सुरुवातीचा गोंधळ बराच आटोक्यात राहतो.

भारतात ही चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील नियमावलीने ठरवली आहे. पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग आणि परीक्षा, धरून ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढेही २ वर्षांची सवलत आहे, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते, त्यात संशोधन आणि प्रकाशन यांच्या नीतितत्त्वांचा अभ्यास अनिवार्य असतो, आणि प्रबंधाच्या कामाकडे वळण्यासाठी कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण लागतात.

नव्या संशोधकाची पहिली फसगत कोर्सवर्कमध्येच होते. वर्ग, उपस्थिती, लेखी परीक्षा, गुण हे सारे ओळखीचे असल्यामुळे पहिले सहा महिने ‘आपले ठीक चालले आहे’ असे वाटते. कोर्सवर्क संपल्यावर एका सोमवारी सकाळी लक्षात येते की आज कुठेही हजर राहायचे नाही, काही जमा करायचे नाही, आणि पुढची ठरलेली तारीख चार-पाच महिन्यांनंतरची आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा धक्का थोडा सौम्य बसतो, कारण तिथे उपकरणांचे वेळापत्रक असते, वरिष्ठ संशोधक असतात आणि दर आठवड्याला गटाची बैठक होते. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील संशोधक मात्र बहुधा एकटा असतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील संशोधन केंद्रात नोंदणी केलेल्याला तर आपल्या विषयावर बोलायला दुसरा माणूसही सहज मिळत नाही.

या मोकळ्या वेळावर माझ्या मते एकच उपाय खरोखर उपयोगी पडतो, तो म्हणजे दिवसाच्या कामाचे परिमाण बदलणे. ‘आज आठ तास अभ्यास केला’ या हिशेबाला इथे फारसा अर्थ नसतो, कारण आठ तास वाचूनही हाती काही उरत नाही असे दिवस पुष्कळ येतात. त्याऐवजी दिवसाच्या शेवटी कागदावर उतरलेली एखादी गोष्ट असावी: वाचलेल्या लेखाचे अर्ध्या पानाचे टिपण, मुलाखतीच्या प्रश्नावलीचा एक भाग, फसलेल्या प्रयोगाची कारणांसहित नोंद किंवा प्रकरणाचा एक कच्चा परिच्छेद. असे टिपण सुमार असले तरी चालते. दोन वर्षांनी प्रबंधाचा आराखडा मांडताना हीच टिपणे उपयोगी पडतात, आणि ज्याच्याकडे ती नसतात त्याला तेच लेख पुन्हा वाचावे लागतात.

वाचनाची पद्धतही बदलावी लागते. परीक्षेसाठी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची आपल्याला सवय असते, आणि त्याच सवयीने संशोधनपर लेख वाचू लागले की आठवड्याला दोन लेखही संपत नाहीत. अनुभवी संशोधक आधी सारांश, प्रस्तावनेचा शेवट आणि निष्कर्ष पाहतो, लेखकाने कोणता प्रश्न विचारला आहे व कोणत्या पुराव्यावर उत्तर दिले आहे एवढे समजून घेतो, आणि आपल्या कामाशी थेट संबंध असलेल्या मोजक्या लेखांकडेच सविस्तर वाचनासाठी वळतो. आपल्याच विषयातले, आपल्याच विद्यापीठात मान्य झालेले तीन-चार प्रबंध सुरुवातीलाच चाळून काढणे हाही फार उपयोगी अभ्यास आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात ते मोफत पाहायला मिळतात. ते चाळताना प्रबंध किती लांबीचा असतो, साहित्याचा आढावा कसा लिहितात, कोणते दोष चालवून घेतले जातात, हे सारे समजते आणि प्रबंधाची उगाच वाटणारी भीती ओसरते.

साहित्य मिळवण्याची अडचण आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना खुली करण्याची तिची आखणी आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे ग्रंथपालांना विचारायला दोन मिनिटे लागतात, तरीही कित्येक संशोधक ते कधी विचारत नाहीत. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते: वाचन बरेचसे इंग्रजीतून आणि लेखन मराठीतून असल्यामुळे संज्ञांचा गोंधळ होतो. अशा वेळी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवावेत, आणि एकदा निवडलेली संज्ञा प्रबंधभर तीच वापरावी.

टिपणे काढतानाच एक शिस्त पाळायला हवी. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उतरवले असेल तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे घालून पान क्रमांक लिहून ठेवावा, कारण दोन वर्षांनी ते वाक्य आपले की दुसऱ्याचे, हे आपल्यालाही ओळखता येत नाही. वाङ्मयचौर्याबाबतच्या आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर तो सादर करण्याची मनाई होते, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची यांची गणना या साम्यात होत नाही. मुद्दाम चोरी करणारे थोडे असतात. निष्काळजी टिपणांमुळे अडचणीत येणारे त्यांच्यापेक्षा पुष्कळ अधिक असावेत असे मला वाटते.

सर्वांत जास्त विचार करण्यासारखा भाग आहे तो गाईडशी असलेल्या नात्याचा. आपल्याकडे हे नाते एकाच वेळी गुरू-शिष्याचे, वरिष्ठ-कनिष्ठाचे आणि कार्यालयीनही असते, आणि यातले नेमके कोणते कोणत्या प्रसंगी चालू आहे हे विद्यार्थ्याला कळत नाही. सर किंवा मॅडम स्वतःहून विचारतील, मग आपण सांगू, अशी वाट पाहण्यात महिने जातात. नियमानुसार एका प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. त्यांचे स्वतःचे अध्यापन, मूल्यांकनाची कामे, समित्या आणि प्रशासन हे सारे त्याशिवाय असते. त्यामुळे गाईडच्या मौनाचा अर्थ ‘आपल्यावर नाराज आहेत’ असा लावण्याआधी ‘आपले काम त्यांच्यासमोर आलेलेच नाही’ ही शक्यता तपासून पाहावी.

भेटीला जाताना मोकळ्या हातांनी जाऊ नये. दोन पाने लिहून, किमान एक दिवस आधी पाठवून, आणि त्यात ‘मला या दोन गोष्टींवर तुमचे मत हवे आहे’ असे स्पष्ट सांगून गेल्यास अर्ध्या तासाच्या भेटीतून पंधरा दिवसांचे काम निघते. भेट झाल्यावर ‘आज आपले असे ठरले, पुढच्या भेटीपर्यंत मी हे करतो’ अशी चार ओळींची ईमेल पाठवावी. यात आगाऊपणा मुळीच नाही. सहा महिन्यांनी ‘मी असे कधी म्हटले?’ हा प्रश्न उद्भवू नये, यासाठी ती दोन्ही बाजूंच्या सोयीची नोंद असते. ‘सर, मला हे समजले नाही’ हे वाक्यही पहिल्या वर्षातच म्हणायची सवय लावून घ्यावी, कारण तिसऱ्या वर्षी ते म्हणणे फार जड जाते.

गाईडची निवड अजून व्हायची असेल, तर दोन गोष्टींची चौकशी संकोच न करता करावी. पहिली म्हणजे त्यांच्या निवृत्तीची तारीख. सेवानिवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, पण चार वर्षे उरलेल्यांकडे नोंदणी केली तर प्रबंधाच्या ऐन मोक्याच्या काळात ते निवृत्त होऊन केवळ सह-मार्गदर्शक उरण्याची शक्यता असते. दुसरी म्हणजे त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा अनुभव: किती जणांचे काम पूर्ण झाले, किती वर्षांत झाले, लेखन ते किती दिवसांत वाचून परत देतात, घरची किंवा विभागाची इतर कामे सांगतात का. विषयातील नामवंत व्यक्ती आणि चांगली मार्गदर्शक व्यक्ती या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. माझ्यापुढे निवड आली तर मी लेखन वेळेवर वाचणाऱ्या, कमी प्रसिद्ध असलेल्या मार्गदर्शकाकडे जाईन.

गाईडखेरीज आणखी एक व्यवस्था विद्यार्थ्याच्या हातात असते, ती म्हणजे संशोधन सल्लागार समिती. प्रत्येक सत्रात एकदा तिच्यासमोर कामाचे सादरीकरण करून थोडक्यात अहवाल द्यावा लागतो. काम असमाधानकारक असेल तर समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या केल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही करू शकते. या अधिकारामुळे विद्यार्थी समितीला बिचकतात आणि तिच्यासमोर सारे सुरळीत असल्याचा देखावा उभा करतात. हा देखावा फार महागात पडतो, असे माझे मत आहे. विषय निश्चित करण्यात, अभ्यासाची पद्धत ठरवण्यात मदत करणे हे त्या समितीचे नियमांत लिहिलेले काम आहे. नमुना मिळत नाही, दप्तरखान्यातून कागद मिळायला उशीर होतो आहे, पद्धत चुकते आहे असे वाटते, या गोष्टी तिथे बोलून नोंदवून घेतल्या तर पुढे मुदतवाढ मागताना किंवा विषयाची मर्यादा बदलताना तीच नोंद उपयोगी पडते.

आता पैशांविषयी. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळालेल्यांना १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ श्रेणीत गेल्यावर ४२,००० रुपये मिळतात. शिवाय घरभाडे भत्ता आणि पुस्तके, प्रवास, किरकोळ साहित्य यांसाठी वार्षिक आकस्मिक निधी असतो. महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टी व सारथी आणि नागपूरच्या महाज्योती या संस्थाही पात्र संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. पण यांपैकी काहीच न मिळालेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतले कितीतरी जण एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘सीएचबी’वर, शिकवून खर्च भागवतात. जेआरएफ घेणाऱ्याला मात्र त्याच काळात दुसरीकडून पगार घेता येत नाही.

अधिछात्रवृत्तीबाबत नियोजनाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जेआरएफ व पुढची श्रेणी मिळून मदत ५ वर्षांची असते, पण नोंदणीची मुदत ६ ते ८ वर्षांची असू शकते. म्हणजे प्रबंध लांबला तर शेवटचे, सर्वांत ताणाचे वर्ष बिनपैशाचे जाते. दुसरे म्हणजे, रक्कम मंजूर असणे आणि ती वेळेवर खात्यात येणे यांत अंतर असते. दरमहा संस्थेने उपस्थितीची पुष्टी करायची असते आणि ती राहिली तर हप्ता रखडतो. म्हणून पहिल्या वर्षातच तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम बाजूला काढावी, आणि विभागातील ज्या कर्मचाऱ्याकडे ही पुष्टी असते त्यांच्याशी ओळख ठेवावी. हे व्यावहारिक ज्ञान कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत.

घरच्यांना हे काम समजावणे अवघड असते, विशेषतः घरातली पहिलीच पिढी विद्यापीठापर्यंत पोचलेली असेल तेव्हा. ‘अजून शिकतोच आहेस का?’ या प्रश्नाला ‘पुढच्या वर्षी होईल’ असे मोघम उत्तर देण्यापेक्षा कोर्सवर्क, आराखडा, माहितीसंकलन, लेखन, मौखिक परीक्षा हे टप्पे घरी एकदा नीट सांगावेत. मुलींच्या बाबतीत लग्नाचा दबाव याच वर्षांत येतो. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला दुसऱ्या गावी जावे लागले, तर काही अटींवर संशोधनाची सामग्री तिथल्या संस्थेत नेऊन काम पुढे चालू ठेवण्याची तरतूद नियमावलीत आहे. बाहेरच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पाचा भाग असलेल्या कामाला मात्र ती लागू होत नाही. ही तरतूद घरच्यांना आणि कित्येकदा विभागालाही माहीत नसते.

या सगळ्याचा मनावर ताण येतो हे आता मोकळेपणाने मान्य केले जाते. २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २६ देशांतील २,२७९ पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली, तर तुलनेसाठी घेतलेले सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाण ६ टक्के होते. त्या पाहणीत लोक स्वेच्छेने सहभागी झाले होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे सर्वांना लागू करता येणार नाहीत, पण ताण हा एखाद्याच्या वैयक्तिक दुबळेपणाचा भाग नसतो एवढे त्यातून नक्की कळते. झोप उडणे, गाईडचा फोन पाहून छातीत धडधडणे, आठवडेच्या आठवडे कामाची फाईल न उघडणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

प्रकाशनाची घाई हाही या ताणाचा एक भाग आहे. २०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली. आपल्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, हे मात्र तपासावे. पैसे घेऊन आठवड्याभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेल पहिल्याच वर्षी येऊ लागतात. तिथे छापलेला लेख पुढे मुलाखतीत लपवावा लागतो, इतकेच त्यांच्याबद्दल सांगणे पुरे.

शेवटचा मुद्दा सहसा कोणी उघड बोलत नाही: काम सोडावे का? पूर्वी एम.फिल. ही एक मधली पायरी होती, आणि तिथे थांबणाऱ्याच्या हाती एक पदवी राहत असे. २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केली, त्यामुळे आता बहुतेक विद्यापीठांत पीएच.डी. अर्धवट सोडणाऱ्याला काहीच मिळत नाही. याच कारणाने अनेक जण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत केवळ ‘इतकी वर्षे गेली’ म्हणून ओढत राहतात. हा निर्णय घ्यायचाच असेल तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्यावा. जेआरएफवरून वरच्या श्रेणीत जाताना तीन सदस्यांची समिती कामाचे मूल्यमापन करते, सल्लागार समितीपुढे तोवर तीन-चार सादरीकरणे झालेली असतात, कोर्सवर्क मागे पडलेले असते आणि विषय आवडतो की नुसता पदरी पडला आहे, हेही उमगलेले असते. वयाच्या दृष्टीने नोकरीचे किंवा स्पर्धा परीक्षांचे मार्ग त्या वेळी बऱ्याच जणांना खुले असतात. ज्यांना अधिछात्रवृत्ती नाही त्यांनीही तेवढ्या मुदतीला गाईड आणि विभागाबाहेरचा एक जाणकार यांना आपले सारे लेखन देऊन ‘हे तीन वर्षांत प्रबंधापर्यंत पोचेल का?’ असे थेट विचारावे, आणि त्यांचे उत्तर लेखी घ्यावे.